तुझा हात, माझा डोळा

हिरामण, काल तुझ्या दहाव्याला डिंडोलीहून तीन टेम्पो भरून माणसं तापीवर आली आणि मला तुझा हेवा वाटला. खरंच सांगतो. पिंडाकडे कावळा यायची वाट बघत सगळे डोळ्यांना रुमाल लावून उभे होते, आणि मी मनात माणसं मोजत होतो. माझ्या दहाव्याला एक टेम्पो तरी भरेल का, असा विचार माझ्या डोक्यात आला. कापड रंगवणाऱ्या आपल्या प्रोसेस हाउसचा जाडजूड मास्टरसुद्धा लहान पोरासारखा रडत होता. ज्याच्याशी तू आयुष्यभर भांडलास, तो माणूस तुझ्यासाठी रडतो आणि मी, रोज तुझ्याबरोबर एका सायकलमागे दुसरी सायकल लावून पांडेसऱ्याला जाणारा, कोरडाच. दहा वर्षं तुझ्याशी बरोबरी करता करता मेल्यावरही तूच पुढे राहिलास.

सगळे एकच बोलत होते. हिरामणचा हात. काय हात होता! ब्युरेटचा, त्या रेघांच्या काचेच्या नळीचा, नळ असा फिरवायचा की थेंब मोजून घ्यावेत. डिग्री नव्हती तरी डिग्रीवाल्यांना भारी होता. हे शेवटचं वाक्य बोलताना कुणी माझ्याकडे बघितलं नाही, पण बी.एस्सी. झालेला त्या काठावर मी एकटाच होतो. तू पहिल्या वर्षाला प्रॅक्टिकलमध्ये नापास होऊन सुरतला आलेला, मी शिरपूरहून केमिस्ट्री घेऊन पास झालेला, आणि नाव तुझं. इतक्या वर्षांत एकदाही कुणी म्हटलं नाही की त्या हाताच्या शेजारी एक डोळाही होता.

तो डोळा माझा होता. हे आज मी लिहून ठेवतो. कुणाला सांगू नको असं तू म्हणाला होतास, आणि तू असेपर्यंत मी सांगितलं नाही. तेवढं एक मी नीट पाळलं.

आठवतं, आपल्या मिलच्या मागून खाडी वाहायची, तिला रोज नवा रंग असायचा. आज कुठल्या शेडचं काम चालू आहे ते खाडी बघून कळायचं. चहाच्या सुट्टीत सगळे कठड्यावर उभे राहून पैज लावायचे, आज खाडी कशी? कुणी म्हणायचं मेंदी, कुणी म्हणायचं डाळिंबी. तुला विचारलं की तू म्हणायचास, काळी. रोज काळी. लोक हसायचे, हिरामण गमत्या आहे म्हणायचे. मला मात्र शंका आली. शेड जुळवायच्या टेबलाकडे तू कधी फिरकायचा नाहीस, आपण पाण्याची माणसं, कापडाशी काय घेणं, असं म्हणायचास. मग एकदा कँटीनच्या पायरीवर मी तुला सरळ विचारलं. तू इकडेतिकडे बघितलंस आणि म्हणालास, "माले लाल नि हिरवं येकच दिखस, भो. आनि फिकं गुलाबी ते दिखतच नही. कोनले सांगू नको."

प्रॅक्टिकलमध्ये तू का नापास झालास ते मला त्या पायरीवर कळलं. रंग ओळखता न येणारा माणूस रंगाच्या कारखान्यात केमिस्ट! मला हसू आलं. आणि खोटं कशाला बोलू, आतून थोडं बरंही वाटलं. तुझ्यात काहीतरी कमी आहे, आणि ते फक्त मला माहीत आहे.

आपलं काम तसं साधं. पॉलिस्टरचं कापड कॉस्टिक सोड्याच्या गरम पाण्यात फिरवायचं, म्हणजे ते थोडं झिजतं आणि मऊ पडतं. कॉस्टिक कमी पडलं तर साडी पत्र्यासारखी ताठ, जास्त झालं तर बोट लावलं की फाटणार. म्हणून त्या पाण्यात कॉस्टिक किती, हे पाळीतून दोनदा मोजायचं. मास्टर काचेचा हायड्रोमीटर टाकीत सोडायचा, त्याला तो ट्वाडल म्हणायचा, आणि तो कुठे तरंगतो ते बघून मोकळा व्हायचा. पण तेच पाणी आपण पुन्हा पुन्हा वापरायचो. कापडाची झीज त्यात विरघळायची, पाणी जड व्हायचं, आणि हायड्रोमीटर बिचारा वजन तेवढं सांगणार, ते वजन कॉस्टिकचं की घाणीचं हे त्याला काय ठाऊक!

त्यावरून तुझं आणि मास्टरचं वाजायचं. "ट्वाडल में बराबर है, हिरामण. तुम लोग क्या रोज शीशी में से भूत निकालते हो?" असं तो म्हणायचा. तू मगभर पाणी घेऊन लॅबमध्ये यायचास. पिपेटनं मोजून पाणी फ्लास्कमध्ये, त्यात इंडिकेटरचे दोन थेंब, की पाणी गुलाबी. वर ब्युरेटमध्ये ॲसिड, रंग जायला ते जितकं लागेल तितकं पाण्यात कॉस्टिक. मग तुझं ठरलेलं वाक्य, "तू फ्लास्क देख, भो. मी वर देखस."

तुझी नजर ब्युरेटच्या रेघांवर, माझी खाली पांढऱ्या टाइलवर ठेवलेल्या फ्लास्कवर. आपल्या त्या वापरलेल्या पाण्यात गुलाबी रंग एकदम जायचा नाही, रेंगाळायचा. अगदी शेवटी पाण्यावर नुसता आभास उरायचा, आणि एका थेंबानं तोही जायचा. मी म्हणायचो, "बस." माझ्या तोंडातून शब्द पुरा निघायच्या आत तुझा नळ बंद. पुढचा थेंब टोकाला लटकलेला राहायचा, पडायचा नाही. मग तू आकडा सांगायचास, मी लिहायचो.

एकदा मास्टरचा हायड्रोमीटर सांगत होता सगळं ठीक आहे आणि आपला आकडा सांगत होता कॉस्टिक निम्मंच उरलंय. मास्टर ऐकेना. पहिला लॉट उतरला तो ताठ, उभा केला तर उभा राहील असा. त्या दिवशी शेठ लॅबमध्ये आले आणि सगळ्यांसमोर तुझा हात हातात घेऊन म्हणाले, "आ हाथ सोनानो छे." मी शेजारी फ्लास्क विसळत उभा होतो. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. सोन्याचा हात म्हणे! रंग गेला हे कुणी सांगितलं होतं त्या हाताला?

पण तू कधी म्हणाला नाहीस की यात प्रभाकरचाही वाटा आहे. म्हणणार तरी कसा, गुपित फुटलं असतं. हे मला तेव्हाही कळत होतं. कळून पोटातलं दुखणं थांबत नाही.

तिसऱ्या रीडिंगवरून आपला वाद तर संपलाच नाही. दोनदा आकडा सारखा आला की मी म्हणायचो झालं, चल चहाला. तू पुन्हा पिपेट उचलायचास. "दोन जन मिळीसन बी खोटं बोलतस. तिसरं ले." मी चिडायचो. ॲसिड फुकट, वेळ फुकट, द्राविडी प्राणायाम करायची सवय तुला. तू हसायचास आणि तिसरं घ्यायचास. माझ्या सुनीताला बारावीच्या प्रॅक्टिकलसाठी मी शिकवायला बसलो तर ती म्हणाली, बाबा, तुम्ही ओरडता, मी हिरामणकाकांकडे जाते. तुझ्या ओट्यावर बसून तिनं सगळं शिकून घेतलं. परीक्षेत तिनं तिसरं रीडिंग घेतलं म्हणे, न सांगता. पोरगी माझी आणि सवय तुझी.

आता ते बोलतो जे तुझ्यासमोर कधी बोललो नाही.

प्लेगच्या वर्षी सुरत रिकामं झालं, आपण तोंडाला रुमाल बांधून गावी पळालो आणि दिवाळीच्या तोंडावर एकेक करत परतलो. आपले लॅब इन्चार्ज काही परतले नाहीत, त्यांनी तिकडेच नोकरी धरली. खुर्ची रिकामी झाली. शेठनी सरळ तुला बसवलं असतं, पण कुणीतरी त्यांना सांगितलं की प्रभाकर ग्रॅज्युएट आहे. मग त्यांनी एक सॅम्पल बाहेरच्या लॅबमधून तपासून आणलं, रिपोर्ट खिशात ठेवला आणि आपल्याला बोलावलं. "बन्ने जण मारी सामे करो. जेनुं साचुं पडे, ए इन्चार्ज. ने वच्चे कोई बोलशे नहीं."

ज्याचा आकडा रिपोर्टशी जुळेल तो इन्चार्ज, आणि मध्ये कुणी बोलायचं नाही. तुझा चेहरा उतरला तो मी बघितला. आत जाण्याआधी तू मला कँटीनच्या त्याच पायरीवर गाठलंस. "भो, रंग ग्या का नुसतं खोकजो. बाकी मी देखी लेस." मी म्हटलं, हो. एवढंच म्हटलं, पण हो म्हटलं.

माझं आधी झालं. आकडा थोडा वर आला, पण चालण्यासारखा. मग तू उभा राहिलास. शेठ खुर्चीत, मास्टर दाराशी, मी शेठच्या मागे. तू ॲसिड सोडायला लागलास. गुलाबी रंग फिका झाला, आणखी फिका झाला. तुझा हात हळू झाला. मान वर, डोळे रेघांवर, नेहमीसारखे. मग रंग गेला.

मी खोकलो नाही.

घसा कोरडा पडला नव्हता, ठसका लागला नव्हता, काही नव्हतं. मी ठरवून खोकलो नाही. तू एक थेंब सोडलास. थांबलास. कान माझ्याकडे. आणखी एक. पाणी स्वच्छ झालं होतं, विहिरीच्या पाण्यासारखं, आणि तू त्यात थेंब सोडत होतास, कारण मी अजून खोकलो नव्हतो. किती थेंब गेले ते मी मोजले नाहीत. शेवटी तूच नळ बंद केलास आणि आकडा सांगितलास. शेठनी खिशातला कागद काढला आणि तुझ्याकडे बघत राहिले. "हिरामणभाई, आजे शुं थयुं तमने?" तू म्हणालास, "भूल थई गई, शेठ."

आयत्या बिळावर नागोबा होऊन मी त्या खुर्चीत बसलो. घरी पेढे वाटले. पहिला पेढा तुझ्या घरी दिला, तू तो खाल्लास.

रात्रभर मी एक उत्तर तयार केलं होतं. ऐन वेळी घसाच बसला रे, आवाजच फुटेना. तू विचारशील आणि मी हे सांगेन. चोराच्या मनात चांदणं. दुसऱ्या दिवशी तू मगभर पाणी घेऊन लॅबमध्ये आलास, ब्युरेट भरलीस आणि म्हणालास, "तू फ्लास्क देख, भो." बस. पुढची चार वर्षं तू विचारलं नाहीस. ते उत्तर माझ्याकडे तसंच पडून आहे.

तू शिव्या घातल्या असत्यास तर बरं झालं असतं. एकदा कॉलर धरली असतीस तर फिटंफाट झाली असती, मी मोकळा झालो असतो. पण तू चांगुलपणाही असा केलास की त्याचाही मला हेवा वाटावा. मी इन्चार्ज, माझ्या सहीशिवाय आकडा टाकीपर्यंत जात नव्हता, आणि कामगार मात्र तुलाच विचारायचे. मी एका गोष्टीवर समाधान मानायचो. हा सोन्याचा हात माझ्या डोळ्याशिवाय आंधळा आहे. मंगळवारी माझी सुट्टी असायची. बुधवारी तू म्हणायचास, "काल तू नव्हता, कसंबी धकाडी लिधं." कसंतरी धकवून नेलं, हे ऐकायला मी बुधवारची वाट बघायचो.

काल पाण्यातून बाहेर आलो तर वहिनी पदर सावरत माझ्याकडे आल्या. मुठीतून एक छोटी चावी काढून म्हणाल्या, "भाऊ, हाई चावी तुमना लॅबनी शे. घरमा ठेवीसन काय करू?" मी चावी घेतली. त्यांच्या डोळ्यांत बघितलं नाही.

आज सकाळी तुझा ड्रॉवर उघडला. एक चमचा, तंबाखूची डबी, पिपेटची रबरी फुगी, तुझी वही आणि मागे, फडक्यात गुंडाळलेली, एक छोटी तपकिरी बाटली. वर तुझ्या अक्षरात लेबल. थायमॉलफ्थॅलीन. हिरामण, मी बी.एस्सी. झालेला माणूस आहे. नाव वाचलं आणि खुर्चीत बसलो. आपल्या गुलाबी इंडिकेटरचंच काम ते करतं, पण त्याचा रंग निळा. गडद निळा. तुला निळं दिसायचं.

बाटली निम्मी रिकामी होती. मग तुझी वही उघडली. दर मंगळवारी आकड्यापुढे एक बारीक 'नि' लिहिलेला, निळ्याचा 'नि'. सोमवारचा आकडा, मंगळवारचा आकडा, बुधवारचा आकडा, तिन्ही एका ओळीत चालणारे, कुठे फट नाही. मी नसताना तू काही धकाडून नेत नव्हतास. माझ्याशिवाय तुझं सगळं बरोबर येत होतं. फट पडायची ती शुक्रवारी. शुक्रवारी तुझी सुट्टी, मी एकटा मोजायचो. दर शुक्रवारचा आकडा थोडा वर, आणि शनिवारी तुझ्या अक्षरात पाण्याचा हिशोब गुपचूप दुरुस्त केलेला. मला एका शब्दानं बोलला नाहीस.

हे एवढ्यावर थांबलं असतं तरी मी सोसलं असतं. पण बाटलीवर बनवल्याची तारीख लिहायची, हा आपल्या लॅबमधला नियम तूच लावलेला. तारीख नाही ते सगळं नळाचं पाणी समजा, असं तू सगळ्यांना बजावायचास. या बाटलीवरही तारीख आहे. प्लेगच्या वर्षीच्या श्रावणातली. आपण गावी पळालो त्याच्याही आधीची.

म्हणजे शेठसमोर तू उभा राहिलास तेव्हा ही बाटली याच ड्रॉवरमध्ये होती. तुझ्या गुडघ्यापासून हातभर अंतरावर. शेठना गुलाबी काय आणि निळं काय, सारखंच. दोन थेंब यातले टाकले असतेस तर खुर्ची तुझी होती. आणि तरी तू पायरीवर येऊन मला म्हणालास, रंग ग्या का खोकजो.

का रे? निळा रंग बघून लोक विचारतील म्हणून? की मी खोकेनच, अशी खात्री होती म्हणून? की माझं पोट दुखतंय हे तुला केव्हाच कळलं होतं, आणि खुर्ची एकदाची याला मिळू दे असं तू ठरवलं होतंस? सकाळपासून हे तिन्ही घेऊन बसलोय. दोन तरी सारखे यावेत, तर तेही येत नाहीत. चार वर्षं मला वाटत होतं मी तुझी खुर्ची चोरली. आता तर तीही चोरी माझी राहिली नाही, तुझ्या देण्याची शंका तिच्यावर पडली. आणि तरीही, गरज नसताना, तू रोज मला म्हणायचास, तू फ्लास्क देख. मला कशाला उभं करायचास तिथे? मला वाटावं म्हणून, की माझ्यावाचून तुझं अडतं?

दुपारी मास्टर मगभर पाणी घेऊन आला. दारातच थांबला, तुझ्या जागेकडे बघितलं आणि पाण्याचा मग टेबलावर ठेवून गेला. ट्वाडलचं नावही काढलं नाही.

मी ब्युरेट भरली. फ्लास्कमध्ये तुझ्या बाटलीतले दोन थेंब टाकले. पाणी निळं झालं, शाळेच्या शाईसारखं. रेघ बघायची की फ्लास्क, मला कळेना. दोन्ही माझ्याच अंगावर. ॲसिड सोडत गेलो. निळं उतरलं, आणखी उतरलं, नुसता आभास उरला, मग तोही गेला. माझ्या तोंडातून सवयीनं निघालं, "बस."

आणि थेंब पडला. माझा हात थांबला नव्हता.

पुन्हा केलं. पुन्हा म्हटलं बस, पुन्हा एक थेंब जास्त. शुक्रवारचं कोडं तिथे सुटलं, हिरामण. डोळा माझा बरोबर होता. तो रंग गेल्याचं अचूक सांगतो, अजूनही सांगतो. पण माझ्या शब्दाला थांबणारा हात जगात एकच होता, आणि तो दहा दिवसांपूर्वी मी खांद्यावरून नेऊन पोचवला.

दोन आकडे सारखे आले आहेत. दोन्ही चुकीचे. मी फ्लास्क धुतलाय आणि तिसरं घ्यायला पिपेट उचललीय. तू नळावर हात ठेव.